रेस्टोरेशन : एका जहाजाची कहाणी

युरोपांतील आरमारांच्या इतिहासांत एकेका जहाजाचें स्वतंत्र चरित्र लिहिण्याची पद्धत आहे. जहाज कोणत्या गोदींत बांधलें, कोणाच्या हुकमतीखालीं लढलें, शत्रूनें धरल्यावर कोणत्या निशाणाखालीं फिरलें, आणि अखेरीस वादळानें बुडालें कीं तोफेनें, हें सारें एखाद्या माणसाच्या जन्ममृत्यूप्रमाणें तेथें नोंदलेलें असतें. अठराव्या शतकांतील फ्रेंच फ्रिगेटींचीं अशीं चरित्रें पुष्कळ आहेत. त्या काळीं जहाजाचें निशाण बदलणें ही नित्याची गोष्ट होती. आज फ्रान्सच्या राजाचें असलेलें जहाज उद्यां इंग्रजांच्या हातीं पडे, आणि नवे खलाशी घेऊन त्याच फ्रेंचांवर चालून जाई. आपल्या कोंकणच्या किनाऱ्यावरहि असें एक जहाज होऊन गेलें. तें फ्रेंच नव्हतें, इंग्रजी होतें. त्याचें नांव ‘रेस्टोरेशन’. मुंबईकर इंग्रजांनीं तें आंग्र्यांचें पारिपत्य करण्यासाठीं धाडलें. आंग्र्यांनीं तेंच धरून नेलें. सुमारें सहा वर्षें तें आंग्र्यांच्या आरमारांत राहिलें. आणि १२ फेब्रुवारी १७५६ रोजीं तें पेटलें. तें एकटें पेटतें तर त्याची आठवण काढण्याचें आज कारण नव्हतें. परंतु त्या एका जहाजाच्या आगींत मराठ्यांचें सर्वांत बलाढ्य आरमार एका दिवसांत भस्म झालें.

बुलढाणा, मेहकर, खामगांव अशा ठिकाणच्या श्रोत्यांच्या मनांत येईल कीं, समुद्राशीं आपलें देणेंघेणें तें काय? आपल्या पैनगंगेला आणि पूर्णेला गलबतें चालत नाहींत, आणि खारें पाणी पाहावयाचें तर आपण लोणारचें सरोवर पाहतों. परंतु ज्या पुरुषानें मराठी राज्याला आरमार दिलें त्या शिवछत्रपतींची माता जिजाबाई ही याच जिल्ह्यांतील सिंदखेडच्या जाधवांची कन्या. खामगांवच्या बाजारांतला कापूस एकोणिसाव्या शतकांत मुंबईच्या बंदरांतून विलायतेस जाऊं लागला, तेव्हां त्याचा भाव समुद्रापलीकडे ठरूं लागला. आणि आज सांगावयाच्या कथेचा एक धागा तर सिंदखेडापर्यंत येऊन पोंचतो. तो कसा, तें पुढें येईलच.

प्रथम स्थळ पाहूं. रत्नागिरीच्या दक्षिणेस वाघोटन नदीची खाडी जेथें समुद्रास मिळते तेथें, तिच्या मुखाशीं, विजयदुर्ग उभा आहे. तीन बाजूंनीं समुद्र व खाडी, एका बाजूनें जमिनीची चिंचोळी वाट. जवळच्या गिर्यें गांवावरून इंग्रज या किल्ल्याला ‘घेरिया’ म्हणत. पश्चिमेच्या वादळी वाऱ्यापासून खाडींत उत्तम आसरा मिळे. वरच्या अंगास खडक फोडून केलेली गोदी होती, तेथें जहाजांची डागडुजी होई. कान्होजी आंग्र्यांच्या काळीं या किल्ल्यावर १७१७ व १७२० या सालीं इंग्रजांनीं, आणि १७२४ सालीं डचांनीं हल्ले केले. ते सर्व वायां गेले. त्यामुळें घेरिया हा समुद्रावरून घेतां येणारा किल्लाच नव्हे, अशी समजूत तीस वर्षें मुंबईंत रूढ होती.

आंग्र्यांचें बळ केवळ किल्ल्याच्या तटांत नव्हतें, तें त्यांच्या तारवांच्या जातींत होतें. त्यांच्या आरमारांत मुख्य प्रकार दोन: गुराब आणि गलबत. गुराब ही दोन किंवा तीन डोलकाठ्यांची, पुढें निमुळती होत गेलेली, आणि तळ उथळ असलेली असे. तिच्या नाळेवर दोन मोठ्या तोफा पुढें रोखलेल्या असत, शिवाय दोनही बाजूंस लहान तोफा. गलबत त्याहून लहान व हलकें. त्याला शीड असेच, पण खरें बळ वल्ह्यांचें. चाळीस-पन्नास वल्हीं एका तालांत पडूं लागलीं कीं वारा असो वा नसो, गलबत चालत राही. युरोपीय जहाज मोठें, उंच आणि तोफांनीं भरलेलें असे खरें. पण वारा पडला कीं तें जागच्या जागीं लांकडाच्या ओंडक्यासारखें पडून राही. अशा वेळीं आंग्र्यांचीं गलबतें गुराबांना दोर लावून ओढीत आणीत, आणि त्या मोठ्या जहाजाच्या पिछाडीस नेऊन सोडीत. पिछाडीस तोफा थोड्या. गुराबांनीं दुरून डोलकाठ्या व शिडें निकामीं करावयाचीं, आणि मग गलबतांतील शेंकडों माणसांनीं तरवारी घेऊन चोहोंकडून वर चढावयाचें, असा तो डाव होता. पाठलाग झालाच तर उथळ तळाचीं हीं तारवें खाडींत शिरत, आणि खोल तळाच्या जहाजास बाहेर समुद्रांत थांबून राहावें लागे.

इंग्रजांनीं आपल्या लेखांत आंग्र्यांना सदैव चांचे म्हटलें आहे. त्या शब्दाचा विचार थोडा शांतपणें केला पाहिजे. पोर्तुगीज या समुद्रांत आल्यापासून त्यांनीं असा नियम बसविला होता कीं, आमचा परवाना घेतल्यावांचून कोणत्याहि व्यापाऱ्यानें जहाज हांकारूं नये. हांकारल्यास तें आम्ही जप्त करूं. मराठ्यांचे सरखेल या नात्यानें आंग्रे हाच हक्क आपल्या किनाऱ्यावर सांगत. त्यांचें दस्तक घेणाऱ्या व्यापाऱ्याला ते सुखरूप जाऊं देत. न घेणाऱ्याला अडवीत. इंग्रजांचें म्हणणें असें कीं, आम्ही कोणाचें दस्तक घेणार नाहीं, आणि आमच्या निशाणाखालीं चालणाऱ्या इतर व्यापाऱ्यांनाहि घेऊं देणार नाहीं. म्हणजे वाद चोर आणि सावकार यांचा नव्हता, समुद्रावर सत्ता कोणाची हा होता. मात्र हेंहि खरें कीं, कान्होजीनंतर त्यांच्या वंशजांनीं हा हक्क चालवितांना मित्र आणि शत्रू यांतील भेद पुष्कळदां राखला नाहीं. त्याचें फळ पुढें त्यांनाच भोगावें लागलें.

कान्होजी १७२९ सालीं निवर्तले. १७३३ सालीं त्यांचे थोरले पुत्र सेखोजीहि वारले, आणि भावाभावांत फूट पडली. मानाजी कुलाब्यास राहिले, संभाजी दक्षिणेकडील किल्ले व विजयदुर्ग घेऊन बसले. याच संभाजींनीं १७३५ च्या डिसेंबरांत इंग्रज कंपनीचें ‘डर्बी’ नांवाचें मोठें व्यापारी जहाज धरलें. तें विलायतेहून मुंबईस येत होतें, आणि त्यावर खजिन्याबरोबरच मुंबईच्या आरमारासाठीं लागणारें सामानहि होतें. त्यामुळें मुंबईकरांची दुहेरी हानि झाली. त्यांच्या जहाजांना लागणाऱ्या वस्तू आंग्र्यांच्या कोठारांत गेल्या. संभाजींच्या मृत्यूनंतर विजयदुर्गाची सत्ता तुळाजींकडे आली, आणि शाहू महाराजांनीं त्यांस सरखेली दिली.

तुळाजींच्या काळीं मुंबईच्या व्यापाराला इतका उपद्रव झाला कीं, कंपनीनें केवळ आंग्र्यांच्या आरमारावर फिरण्यासाठीं एक जहाज मुद्दाम सज्ज केलें. तेंच हें ‘रेस्टोरेशन’. त्यावर वीस तोफा आणि दोनशें माणसें होतीं. युरोपांतील राजांच्या आरमारांत पन्नास-साठ तोफांचीं जहाजें होतीं, त्यांच्या मानानें हें लहान म्हणावें लागेल; पण मुंबईच्या आरमारांत तें चांगल्यांपैकीं एक होतें. कामगिरीच्या दृष्टीनें पाहिलें तर युरोपांत फ्रिगेटीला जें काम देत तेंच याला दिलेलें होतें: किनारा राखावयाचा, व्यापारी तांड्याला सोबत द्यावयाची, आणि शत्रूचीं हलकीं तारवें शोधून नाहींशीं करावयाचीं. १७४९ च्या सुमारास, ज्यांना शोधावयास तें निघालें होतें त्यांनींच त्यास गांठलें. तुळाजींच्या गुराबांनीं व गलबतांनीं तें धरून नेलें. त्याच सुमारास शाहू महाराजहि वारले, आणि मराठी राज्याची सारी सूत्रें पेशव्यांच्या हातीं आलीं. या दोन गोष्टींचा परस्परांशीं तेव्हां कांहींच संबंध नव्हता. सहा वर्षांनीं तो जडला.

यानंतर तुळाजींचा दरारा वाढतच गेला. चाळीस तोफांचें आणि चारशें गुलाम वाहून नेणारें ‘ज्युपिटर’ नांवाचें एक फ्रेंच जहाजहि त्यांनीं धरल्याचें इंग्रज इतिहासकारांनीं लिहून ठेविलें आहे. चौसष्ट तोफांचें ‘व्हिजिलंट’ व पन्नास तोफांचें ‘रूबी’ हीं राजाचीं लढाऊ जहाजें बरोबर असलेल्या इंग्रजी तांड्यावर त्यांनीं हल्ला चढविला. १७५४ सालीं पन्नास, छत्तीस आणि अठरा तोफांच्या तीन डच जहाजांशीं त्यांची गांठ पडली. त्यांतील दोन मोठीं त्यांनीं जाळलीं आणि तिसरें धरलें. कोंकणांतल्या एका सरदाराच्या हातीं हें सामर्थ्य होतें, हें ध्यानांत ठेवावें.

पण समुद्रावर जिंकणारे तुळाजी जमिनीवर एकाकी होत चालले होते. वाडीचे सावंत त्यांच्या त्रासानें गांजले होते. बावड्याचे अमात्य गाऱ्हाणीं सांगत होते. कुलाब्याचे मानाजी तर भाऊ असून वैरी. तुळाजी स्वतःस छत्रपतींचे सरखेल समजत. पेशवा हा आपला धनी, ही गोष्ट त्यांस मान्य नव्हती. इकडे नानासाहेब पेशव्यांची दृष्टि अशी कीं, राज्याचा कारभार एका हातीं आला असतां एका सरदारानें खंडणी न देतां, आज्ञा न पाळतां, शेजारच्या मराठी संस्थानांवरच हत्यार चालवावें, हें चालूं द्यावें कसें? दोघांचेंहि म्हणणें आपापल्या जागीं समजण्यासारखें आहे. घरांतला तंटा घरांत तुटता तर तो इतिहासांत चार ओळींचा विषय झाला असता. परंतु किल्ले समुद्रांत, आणि पेशव्यांचें बळ घोडदळांत. पेशव्यांचें स्वतःचें लहानसें आरमार होतें, तें तुळाजींस पुरें पडणारें नव्हतें. तेव्हां ज्यांच्यापाशीं मोठीं जहाजें होतीं त्यांच्याकडे पाहावें, हा विचार पुढें आला.

१९ मार्च १७५५ रोजीं मुंबईस तह झाला. पेशव्यांच्या बाजूनें कोंकणचे कारभारी रामाजी महादेव, आणि इंग्रजांच्या बाजूनें मुंबईचा गव्हर्नर रिचर्ड बोर्चियर. समुद्रावरील सारी व्यवस्था इंग्रजांच्या हुकमतीखालीं असावी, तुळाजींचीं धरलेलीं जहाजें उभयतांनीं वांटून घ्यावीं, किल्ले पेशव्यांचे व्हावेत, आणि इंग्रजांस बाणकोटचा किल्ला मिळावा, असा त्याचा आशय. समुद्रावर हुकमत इंग्रजांची, हें पहिलें कलम पेशव्यांच्या मुत्सद्द्यांस त्या वेळीं केवळ एका मोहिमेपुरतें वाटलें असावें. तीनच दिवसांनीं कमोडोर विल्यम जेम्स ‘प्रोटेक्टर’ जहाज व बरोबर कांहीं लहान जहाजें घेऊन निघाला, आणि १२ एप्रिलपर्यंत सुवर्णदुर्ग पडला. आंग्र्यांचे सागरी किल्ले अजिंक्य आहेत ही समजूत त्या दिवशीं संपली. मग पावसाळा जवळ आला आणि मोहीम थांबली.

पुढें जें घडलें त्यास एक फ्रेंच कारण आहे. त्या काळीं फ्रेंच सेनापति बुसी निजामाच्या दरबारांत बसून दक्षिणेच्या सुभ्याचा कारभार हालवीत होता. आपलें वऱ्हाडहि त्याच सुभ्यांतलें. बुसीला तेथून उखडावें, आणि त्यासाठीं पेशव्यांस साह्य करून मुंबईकडून सैन्य घुसवावें, या हेतूनें विलायतेहून क्लाइव्हबरोबर फौज मुंबईस पाठविण्यांत आली. पण दरम्यान मद्रासेकडे इंग्रज व फ्रेंच यांच्यांत तात्पुरता तह झाला, आणि ती मोहीम रद्द ठरली. त्याच वेळीं ॲडमिरल वॉटसनचें राजेशाही आरमारहि मुंबईस येऊन नांगरलेलें. एवढी फौज, एवढीं जहाजें, आणि काम कांहीं नाहीं! अशा स्थितींत मुंबईकरांची नजर विजयदुर्गाकडे वळली. फ्रेंचांसाठीं आणलेली ती तोफ अशा रीतीनें आंग्र्यांवर रोखली गेली.

जेम्सनें डिसेंबरांतच जाऊन किल्ल्याभोंवतींच्या पाण्याची खोली मोजून आणली होती. मोठीं जहाजें तटाच्या अगदीं जवळ नेतां येतील, असा त्याचा निर्वाळा होता. आजवरच्या मोहिमांत ही गोष्ट कोणीं नीट तपासली नव्हती. मुंबई सोडण्यापूर्वीच लुटींत कोणाचा हिस्सा किती हें अधिकाऱ्यांनीं आपसांत ठरवून घेतलें. त्या हिशेबांत पेशव्यांचें नांव नव्हतें. ७ फेब्रुवारीस आरमार निघालें. वॉटसनचें ‘केंट’, पोकॉकचें ‘कंबरलंड’, शिवाय ‘टायगर’, ‘सॉल्सबरी’ वगैरे राजाचीं जहाजें, कंपनीचें ‘प्रोटेक्टर’, आणि उखळी तोफा बसविलेलीं खास जहाजें. ११ तारखेस तें विजयदुर्गासमोर येऊन उभें राहिलें.

तुळाजी त्या वेळीं किल्ल्यांत नव्हते. इंग्रजांचें बळ ओळखून, परक्यांच्या हातीं पडण्यापेक्षां आपल्या माणसांशीं बोलावें, या विचारानें ते पेशव्यांच्या छावणींत रामाजीपंतांकडे तहाचें बोलणें करण्यासाठीं गेले होते. हें बोलणें पुरें होतें तर किल्ला पेशव्यांच्या हातीं जाता, आणि जहाजेंहि शाबूत राहतीं. इंग्रजांस नेमकी हीच भीति होती. वॉटसननें किल्ल्याची मागणी केली. किल्ल्यांतून टाळाटाळीचीं उत्तरें आलीं. आणि १२ तारखेस दुपारीं जहाजांच्या दोन रांगा खाडींत शिरून तोफा सुरू झाल्या.

आंग्र्यांचें आरमार किल्ल्याच्या आश्रयास, तटाखालीं, खाडींत एकमेकांस बांधून उभें होतें. पन्नासांहून अधिक लहानमोठीं तारवें होतीं. तीन डोलकाठ्यांचीं जहाजें, गुराबा, गलबतें, आणि त्यांच्यामध्यें तें जुनें मुंबईचें ‘रेस्टोरेशन’. जीं तारवें मोकळ्या समुद्रांत वारा आणि वल्हीं यांच्या बळावर अजिंक्य ठरलीं तीं त्या दिवशीं एका जागीं जखडून पडलीं होतीं. असें कां केलें असावें, याचें उत्तर कठीण नाहीं. बाहेर पडण्याची वाट शत्रूनें अडविली होती, आणि आजवरच्या प्रत्येक प्रसंगीं किल्ल्याच्या तोफांनीं त्यांचें रक्षण केलें होतें. चार वाजण्याच्या पुढें इंग्रजांच्या उखळी तोफेचा एक कुलपी गोळा ‘रेस्टोरेशन’वर येऊन पडला आणि फुटला. सागवानी फळ्या, डांबर, तेल, काथ्याचे दोर, सुती शिडें, हीं सारीं आगीचींच भक्ष्यें. ‘रेस्टोरेशन’नें पेट घेतला. बांधलेले दोर जळून तें सुटलें काय आणि न सुटलें काय, फरक पडण्यास वेळच उरला नव्हता. ज्वाळा शेजारच्या गुराबेवर गेल्या, तेथून पुढच्या, तेथून गलबतांवर. संध्याकाळच्या आंत आंग्र्यांचें सारें आरमार पेटलें होतें. बांधणीवर असलेलीं दोन मोठीं जहाजेंहि त्या आगींतून सुटलीं नाहींत. ज्या जहाजाला इंग्रजांनीं हें आरमार बुडविण्यासाठीं सज्ज केलें होतें, त्यानें आपलें काम सात वर्षांनीं, आंग्र्यांच्या मालकींत राहून, पुरें केलें.

त्या रात्रीं क्लाइव्ह आपली फौज घेऊन जमिनीवर उतरला. किल्ल्याला वेढा घालणें हा त्याचा एक हेतु, आणि पेशव्यांच्या लोकांना किल्ल्यांत शिरूं न देणें हा दुसरा. दोस्त म्हणून आलेल्या दोन फौजा एकमेकांकडे पाठ न करतां, तोंडें करून उभ्या होत्या. १३ तारखेस किल्ला इंग्रजांच्या स्वाधीन झाला. आंत सुमारें दोनशें तोफा आणि दहा लाखांच्या आसपास ऐवज सांपडला. तो ठरल्या हिश्शांप्रमाणें वांटला गेला. तहांतल्या शर्तींकडे बोट दाखवून पेशव्यांनीं किल्ला मागितला, तेव्हां इंग्रजांनीं बाणकोटाऐवजीं विजयदुर्गच ठेवून घेण्याची खटपट केली. पुष्कळ लिहाचाळीनंतर, ऑक्टोबर १७५६ च्या तहानें, किल्ला पेशव्यांस मिळाला. किल्ला मिळाला, पण ज्याच्यासाठीं किल्ला बांधावयाचा तें आरमार राहिलें नव्हतें. तुळाजींचें उरलेलें आयुष्य पेशव्यांच्या निरनिराळ्या किल्ल्यांवर कैदेंत गेलें.

या प्रकरणीं दोष कोणाचा, यावर मराठी इतिहासकारांनीं पुष्कळ शाई खर्चिली आहे. नानासाहेबांनीं आपल्या हातानें आपलें आरमार बुडविलें, असें एक पक्ष म्हणतो. दुसरा म्हणतो कीं, अनावर झालेल्या सरदाराचें पारिपत्य करणें हें राज्यकर्त्याचें कर्तव्यच होतें, आणि आग लागली तो योगायोग. दोनहि पक्षांत सत्याचा अंश आहे. सगळें मराठी आरमार त्या दिवशीं जळालें, असें म्हणणें अतिशयोक्तीचें होईल. कुलाब्यास मानाजींचें आरमार होतें; आणि पुढें पेशव्यांनीं विजयदुर्गासच धुळपांच्या हाताखालीं नवें आरमार उभें केलें. त्या आनंदराव धुळपांनीं १७८३ च्या एप्रिलांत ‘रेंजर’ नांवाचें इंग्रजी जहाज, त्यावरील मोठमोठ्या लष्करी अधिकाऱ्यांसह, झुंजून धरलें. म्हणजे शौर्य संपलें नव्हतें, खलाशीहि संपले नव्हते. परंतु सालबाईचा तह आधींच झालेला असल्यामुळें तें जहाज इंग्रजांस परत द्यावें लागलें. १७३५ सालीं धरलेली ‘डर्बी’ परत मागण्याचें सामर्थ्य इंग्रजांत नव्हतें. १७८३ सालीं ‘रेंजर’ ठेवून घेण्याचें सामर्थ्य आपल्यांत राहिलें नव्हतें. अठ्ठेचाळीस वर्षांत पडलेलें अंतर या दोन जहाजांवरून मोजतां येतें.

माझ्या मतें खरी चूक तुळाजींस शासन करण्यांत नव्हती. ती तहाच्या त्या पहिल्या कलमांत होती. जमिनीवरच्या लढाईंत पेशव्यांनीं कधीं दुसऱ्याच्या हातीं सेनापतित्व दिलें नसतें. समुद्राच्या बाबतींत मात्र तें सहज दिलें गेलें, कारण समुद्र हा आपल्या राज्याचा भाग आहे ही जाणीव पुण्याच्या दरबारांत मंद झाली होती. घोड्याच्या टापा जेथपर्यंत जातील तेथपर्यंत राज्य, हा हिशेब अटकेपर्यंत खरा ठरत होता. त्यामुळें तो पुरेसा आहे असेंहि वाटूं लागलें. विजयदुर्ग जळत असतां पेशवे दक्षिणेंत सावनूरच्या मोहिमेंत गुंतले होते, आणि त्या मोहिमेंत बुसीच्या फ्रेंच तोफांचें साह्यहि त्यांना झालें. एका किनाऱ्यावर इंग्रजी तोफा, दुसऱ्या मोहिमेंत फ्रेंच तोफा! ज्या शस्त्रावर पुढचें युग उभें राहावयाचें होतें तें दोनहि वेळां उसनें आणलेलें होतें.

आतां सिंदखेडाचा धागा. विजयदुर्ग घेऊन वॉटसन आणि क्लाइव्ह मद्रासेस गेले. तेथून त्याच वर्षाच्या अखेरीस तींच जहाजें बंगालकडे वळलीं. २ जानेवारी १७५७ रोजीं त्यांनीं कलकत्ता परत घेतली, आणि २३ जून रोजीं पलाशीची लढाई झाली. त्याच १७५७ च्या डिसेंबरांत पेशव्यांच्या फौजा आपल्या या जिल्ह्यांत होत्या. विश्वासराव आणि दत्ताजी शिंदे यांनीं सिंदखेडास निजामाच्या पक्षाच्या रामचंद्र जाधवास वेढलें, त्याच्या साह्यास आलेल्या निजामअल्लीशीं लढाई दिली, आणि महिन्याच्या अखेरीस साखरखेर्ड्यास तह होऊन पंचवीस लाखांचा मुलूख मिळविला. हा विजय लहान नव्हता. पुण्यास त्याचा आनंदोत्सव झाला असल्यास नवल नाहीं. पण त्या एकाच वर्षांत एकीकडे पंचवीस लाखांचा मुलूख आणि दुसरीकडे सारा बंगाल, असे दोन विजय झाले. आणि दुसरा विजय मिळविणारे सेनापति आदल्याच वर्षीं विजयदुर्गास पेशव्यांचे दोस्त म्हणून आले होते. बंगालच्या वसुलावर इंग्रजांच्या पुढल्या फौजा पोसल्या गेल्या. १८०३ सालीं असई, अडगांव आणि गाविलगड येथें शिंदे व भोंसले यांचा मोड करून, देवगांवच्या तहानें भोंसल्यांकडून वऱ्हाड सोडवून निजामास देणारी, आणि १८५३ सालीं तेंच वऱ्हाड निजामाकडून आपल्या ताब्यांत घेणारी सत्ता ती हीच. समुद्रापासून शेंकडों मैल दूर असलेल्या या जिल्ह्याचें भवितव्य कांहीं अंशीं वाघोटनच्या खाडींत ठरलें, असें म्हटल्यास तें वावगें होऊं नये.

‘रेस्टोरेशन’ हा शब्द इंग्रजीत पुनःस्थापना या अर्थी वापरतात. त्या जहाजानें कोणाचीच पुनःस्थापना केली नाहीं. मुंबईच्या व्यापाऱ्यांस त्यानें निर्भय केलें नाहीं, आंग्र्यांचें बळ त्यानें टिकविलें नाहीं, आणि ज्यांनीं वांटून घेण्याचा करार केला होता त्या दोघांसहि जळालेल्या फळ्यांपलीकडे जहाजांचा कांहीं वांटा मिळाला नाहीं. आज विजयदुर्गाचे तट उभे आहेत. कोंकणांत जाणारे प्रवासी ते पाहतात, आणि शिवछत्रपतींच्या दूरदृष्टीचें कौतुक करून परततात. वऱ्हाडांतून कोणी तिकडे गेल्यास त्यानें तटावरून समुद्राकडे तर पाहावेंच; पण मागें वळून, त्या शांत खाडीच्या पाण्याकडेहि एकदां पाहावें. मराठ्यांचें आरमार लढतां लढतां समुद्रांत बुडालें नाहीं. तें तेथें, आपल्याच किल्ल्याच्या छायेंत, बांधलेल्या जागीं जळालें.